मुखपृष्ठाआधी वाचक डोळ्यांपुढे आणा

गेली 22 वर्षं मी मासिकांची मुखपृष्ठं करते आहे. नवीन काम आलं की संगणक उघडण्याआधी मी कागदावर एका माणसाबद्दल लिहून काढते. ‘महिला, वय 25 ते 40’ अशा नोंदीतून कोणीच डोळ्यांपुढे उभं राहत नाही. ती सकाळी उठून काय करते, तिला कशाची धास्ती वाटते, मासिक कधी उघडते, असं दहा-बारा ओळी लिहायचं. हे टाळलं की काय होतं, ते मी अनुभवलं आहे.

बागकामाच्या एका मासिकासाठी मी विस्तीर्ण बागेचं छायाचित्र निवडलं होतं. हिरवळ, कारंजं, फुलांचे ताटवे. सगळ्यांनी कौतुक केलं, पण अंक पडून राहिला. नंतर वाचकांची पत्रं चाळली. बहुतेकांकडे खिडकीत चार कुंड्या होत्या आणि त्यांचे प्रश्न होते पानं पिवळी का पडतात, मुंग्या कशा घालवायच्या. ती बाग त्यांची नव्हतीच. पुढच्या अंकावर मी एकच कुंडी घेतली, त्यात रोप लावणारे मातीनं माखलेले हात. मुखपृष्ठात वाचकाला स्वतःची जागा सापडायला हवी, हे मला तेव्हा पुरतं कळलं.

आता चित्राबद्दल. चेहरा असेल तर नजर कुठे आहे ते आधी बघा. थेट आपल्याकडे बघणारे डोळे माणसाला थांबवतात. ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या जून 1985च्या अंकावरची हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी अनेकांना अजून आठवते, ती त्या नजरेमुळेच. चेहरा बाजूला बघत असेल तर आपलीही नजर तिकडे वळते; मग मुख्य मथळा त्याच बाजूला ठेवा. चित्र फार बोलकं असेल तर शब्द काढून टाकायचं धाडस करा. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत-मासिकानं 22 जानेवारी 1981च्या अंकावर ‘बीटल्स’चा गायक जॉन लेनन आणि त्याची पत्नी योको ओनो यांचं छायाचित्र छापलं, तेव्हा मासिकाच्या नावाखेरीज मथळा दिला नाही. छायाचित्र काढलं त्याच दिवशी लेननची हत्या झाली होती. त्यावर आणखी काय लिहायचं? उलट ‘टाइम’नं 8 एप्रिल 1966ला चित्रच वगळलं आणि काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत फक्त प्रश्न विचारला: देव मेला आहे का? दोन्ही निर्णय मला सारखेच पटतात, कारण विषयानं जे मागितलं तेच दिलं गेलं.

मासिकाचं नाव दर अंकाला बदलत्या अक्षरांत लिहू नका. ‘नॅशनल जिओग्राफिक’ची पिवळी चौकट 1910पासूनची, ‘टाइम’ची लाल किनार 1927पासूनची. नाव वाचण्याआधीच अंक ओळखू येतो. ‘टाइम’नं सप्टेंबर 2001मध्ये, अमेरिकेवरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर, किनार काळी केली, तेव्हा तो बदल लोकांना जाणवला, कारण आधी इतकी वर्षं ती लाल राहिली होती.

मथळ्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. एक मोठा, दोन किंवा तीन लहान, बस्स. ‘उन्हाळ्यातील बागकाम’ हा नुसता विषय झाला. ‘आठ दिवस घर बंद, तरी कुंडी हिरवी’ यात वाचकाची अडचणही आहे आणि उत्तराचं आश्वासनही. मात्र ते उत्तर आत खरोखर असायला हवं. मी मथळा पक्का करण्याआधी लेख पूर्ण वाचते आणि संपादकांनाही आग्रहानं विचारते की हे नक्की कोणत्या पानावर आहे. एकदा फसलेला वाचक परत येत नाही, आणि त्यात त्याची चूक नसते.

दुकानातल्या फळीवर अंक एकमेकांवर सरकवून ठेवतात, त्यामुळे बऱ्याचदा वरचा किंवा डावीकडचा पट्टाच दिसतो. महत्त्वाचे शब्द तिथे हवेत. फोनवर हेच मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढं दिसणार, म्हणून तेवढं लहान करूनही बघा. बारकोडची जागा पहिल्या आराखड्यातच सोडा. छपाईसाठी चारी बाजूंना 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारा चित्राचा जादा भाग), 300 डीपीआयचं (इंचाला 300 ठिपके) चित्र आणि सीएमवायके रंग (छपाईच्या चार शाईंचे) ठेवा. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मलूल होतो, म्हणून छापील प्रूफ, म्हणजे तपासणीची नमुना प्रत, पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

शेवटी मी प्रूफ इतर मासिकांमध्ये भिंतीला लावते, त्या वाचकासारख्या एखाद्या व्यक्तीला बोलावते आणि तीन सेकंदांनी ते झाकून विचारते, “हे कोणासाठी आहे?” ‘कसं वाटलं?’ विचारलं की लोक भिडेपोटी छान म्हणतात. कुंडीच्या मुखपृष्ठाच्या वेळी घरी चार रोपं असलेल्या एका बाईंना बोलावलं होतं. प्रूफ झाकायलाही त्यांनी दिलं नाही. जवळ जाऊन म्हणाल्या, “अहो, ह्या रोपाला पाणी जास्त झालंय.” त्याच दिवशी मी ते छपाईला पाठवलं.