गिअर टाकताच बंद पडणारी मोटारसायकल

देवरुखजवळच्या डोंगरातील जंगलवाटेवर एक पऱ्या (लहान ओढा) ओलांडल्यानंतर माझी मोटारसायकल न्यूट्रलमध्ये सुरू होई, परंतु साइड स्टँड वर उचललेला असूनही पहिला गिअर टाकताच बंद पडे. दोष पेट्रोलचा किंवा प्लगचा असता, तर इंजिन न्यूट्रलमध्येही अडखळले असते, म्हणून मी स्टँडचा स्विच तपासला. स्टँड खाली असताना गाडी गिअरमध्ये चालू नये यासाठी हा स्विच इंजिन बंद करतो. त्याच्या फटीत जांभ्याचा लाल चिखल घट्ट बसल्यामुळे स्टँड खालीच असल्याचा चुकीचा संकेत जात होता. बाटलीतले पाणी ओतत जुन्या टूथब्रशने चिखल काढला, स्टँड दहा-बारा वेळा वर-खाली केला आणि गाडी सुरळीत चालू लागली. धुताना तेथे जोरदार फवारा मात्र मारू नये, कारण पाणी स्विचच्या आत शिरते.