स्पेनमध्ये छोटी घरविक्री एजन्सी: पहिलं घर विकायला घेण्याआधीची तयारी

ही यादी आंदालुसिया प्रदेशातल्या मालागा प्रांताच्या किनाऱ्यावर, म्हणजे कोस्ता देल सोलला, घरविक्रीचं छोटं ऑफिस उघडणाऱ्यांसाठी आहे. माणसं दोन-तीन, पदरी वकील नाही, आणि ग्राहकांमध्ये पुण्या-मुंबईचे, दुबईचे, लंडनचे आपले लोकही. मोठ्या कंपन्यांत कागद बघायला वेगळा माणूस असतो. इथे सगळं तुमच्याच टेबलावर येतं. मागे एका व्यवहारात माझ्याकडून एकच गोष्ट बघायची राहिली आणि तेवढ्यावरून सगळं अडलं: खरेदीदाराचा पैसा कुठून आला त्याचा माग. ती गोष्ट खाली वारंवार येईल. कंटाळा आला तरी वाचा.

सुरुवात धंद्याच्या नोंदणीपासून. स्वयंरोजगारी म्हणून नोंद करा किंवा मर्यादित कंपनी काढा. कंपनीला २०२२ च्या कायद्यापासून एक युरो भांडवलही चालतं. व्यवसाय कराच्या यादीत या धंद्याचा गट ८३४. भारतीय पासपोर्टवर असाल तर स्वतःचा धंदा करण्याची परवानगी वेगळी लागते, नुसतं राहण्याचं कार्ड पुरत नाही. हे सगळं गेस्तोरकडे, म्हणजे सरकारी कागदपत्रं करून देणाऱ्या व्यावसायिकाकडे, द्या. महिन्याचे थोडे पैसे जातील, जाऊ द्या. कमिशनवर २१ टक्के इवा, म्हणजे इथला जीएसटी, लागतो आणि तो दर तिमाहीला भरायचा. ग्राहकाला कमिशन सांगताना इवासकट सांगा.

एजंट होण्यासाठी परवाना लागतो का, हा प्रश्न सगळे विचारतात. २००० साली हा धंदा देशभर खुला झाला, पदवीची सक्ती गेली. पण प्रदेशांनी आपापले नियम केले आहेत. कातालुन्यात एजंटांची नोंदणी सक्तीची आहे, वालेन्सियात २०२२ च्या हुकुमापासून सक्तीची झाली, आणि त्यासाठी प्रशिक्षण किंवा अनुभव, विमा आणि ग्राहकांच्या पैशांसाठी हमी दाखवावी लागते. म्हणून एका प्रदेशातल्या मित्राचा सल्ला दुसऱ्या प्रदेशात वापरू नका. तुमच्या प्रदेशाच्या सरकारी पानावर जाऊन स्वतः वाचा. सक्ती असो वा नसो, व्यावसायिक जबाबदारीचा विमा घ्याच. तक्रारवह्या ठेवा आणि त्या आहेत अशी पाटी दिसेल अशा जागी लावा. तपासणीला येणारा माणूस आधी ती पाटी बघतो. ग्राहकांच्या माहितीच्या गोपनीयतेचे कागद करून घ्या.

आता मुख्य गोष्ट. २०१० चा १० क्रमांकाचा कायदा, काळा पैसा रोखण्याचा, घरांच्या दलालांनाही लागू आहे. बँकेइतकेच तुम्हीही त्याला बांधलेले आहात. दहापेक्षा कमी माणसं आणि वीस लाख युरोंच्या आत उलाढाल असलेल्यांना लेखी नियमावली वगैरेंतून सूट आहे, आणि इथेच लोक फसतात: सूट आहे म्हणजे आपल्याला काही करायचंच नाही असं समजतात. ग्राहकाची ओळख पटवणं, कंपनी विकत घेत असेल तर तिच्यामागचा खरा मालक कोण ते शोधणं आणि पैसा कुठून आला ते विचारणं यातून कुणालाच सूट नाही. कागद दहा वर्षं जपायचे. संशय आला तर सेपब्लाक या सरकारी यंत्रणेला कळवायचं, आणि कळवलं हे ग्राहकाला सांगायचं नाही.

पैसा कुठून आला हे घर दाखवायच्या आधी नाही विचारलं तरी चालेल, पण बुकिंगची रक्कम घ्यायच्या आधी विचारलंच पाहिजे. त्याच्यानंतर नाही. ‘ओळखीतले आहेत, कसं विचारायचं’ असं मनात येतं, विशेषतः आपल्या माणसांना. काका, मावशी, दादा म्हणून बोलणं चालू असतं आणि पगाराची स्लिप मागायला जीभ रेटत नाही. रेटा. तुम्ही नाही विचारलं तर इथली बँक विचारणार, तेही पैसे आल्यावर, आणि तोवर ते अडकवून ठेवणार. करारावरची तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही.

भारतातून पैसा येणार असेल तर हे जास्तच बघा. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. नवरा-बायको मिळून पाच लाख. काहीजण निम्मे मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये पाठवतात, म्हणजे दोन वर्षांची मर्यादा वापरता येते. यात गैर काही नाही, फक्त कराराच्या तारखा त्याप्रमाणे ठेवायला हव्यात. दहा लाख रुपयांच्या वर जे जाईल त्यावर भारतातली बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. पन्नास लाख पाठवणाऱ्याला वर आठ लाख हाताशी लागतात. ते पुढे आयकरात वळते होतात, पण त्या दिवशी खात्यातून जातातच, आणि कित्येकांचं गणित याच जागी चुकतं. अशा खरेदीसाठी पैसे पाठवायला भारतातल्या बँकेकडून कर्ज मिळत नाही, हेही पहिल्याच फोनवर सांगून टाका.

खरा घोळ होतो तो सासऱ्यांनी, भावाने आणि मेहुण्याने मिळून पैसे पाठवले की. प्रत्येकाचं खातं वेगळं, आणि खरेदीखतावर नावं दोघांचीच. इथल्या बँकेला दिसतं ते इतकंच: अनोळखी माणसांकडून तुकड्यातुकड्यांनी आलेली मोठी रक्कम. म्हणून पैसे निघण्यापूर्वी यादी करा: कोण पाठवतंय, त्याचं खरेदीदाराशी नातं काय, त्याच्याकडे ते कुठून आले, आणि देतोय ते बक्षीस की उसने. फ्लॅट विकला असेल तर त्याचा करारनामा, मुदत ठेव मोडली असेल तर तिची पावती, शिवाय तीन वर्षांची आयकर विवरणं आणि भारतातल्या बँकेचा परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म. जे इंग्रजीत नाही त्याचं अधिकृत स्पॅनिश भाषांतर. हे सगळं एका फायलीत ठेवा आणि बँकेने मागायच्या आत तिच्याकडे पाठवून द्या. नोटरीसमोर पैसे कशाने दिले ते खरेदीखतात लिहावं लागतं, आणि ते नीट लिहिलेलं नसेल तर मालमत्ता नोंदणी कार्यालय खरेदी नोंदवतच नाही. थोडक्यात, हा माग चुकवून पुढे जाणारी वाट कुठेच नाही.

रोख रक्कम घेऊ नका. व्यवहारात एक बाजू व्यावसायिक असेल तर हजार युरो आणि त्यापुढचा व्यवहार रोखीत करता येत नाही, आणि रोख दिलेल्या रकमेच्या पंचवीस टक्के दंड आहे. तुमचं कमिशनही यात आलं.

आता घराचे कागद. जाहिरात टाकायच्या आधी, नंतर नव्हे. पहिला कागद नोता सिम्प्ले, म्हणजे मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा उतारा. आपल्याकडे सातबारा बघितल्याशिवाय कुणी जमीन घेत नाही, तसं इथे याच्याशिवाय घराकडे बघायचंही नाही. मालक कोण, कर्ज आहे का, जप्ती आहे का, सगळं त्यात असतं, आणि किंमत दहा-अकरा युरो. मालकाने दिलेली दोन वर्षांपूर्वीची प्रत चालवून घेऊ नका. स्वतः काढा, आणि सही करायच्या आठवड्यात पुन्हा काढा. ती कातास्त्रोच्या, म्हणजे कराच्या नकाशाच्या, नोंदींशी ताडून बघा. चौरस मीटर जुळत नाहीत, पोहण्याचा तलाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असं सर्रास आढळतं.

ऊर्जा प्रमाणपत्राबद्दल थोडंच: त्याचं लेबल जाहिरातीतच दिसलं पाहिजे, विक्रीला असो वा भाड्याला. मुदत दहा वर्षं, पण श्रेणी ‘जी’ असेल तर पाच.

आंदालुसियात २००५ च्या २१८ क्रमांकाच्या हुकुमाप्रमाणे ग्राहकाला घराच्या माहितीचा संक्षिप्त दस्तऐवज द्यावा लागतो, किमतीच्या आणि पैसे देण्याच्या तपशिलासकट. तो तयार ठेवा. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून थकबाकीचा दाखला घ्या, अध्यक्षांच्या सहीसह. कारण घराबरोबर चालू वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात येते. इबीची, म्हणजे घरपट्टीची, शेवटची पावतीही हवी.

डोंगरातल्या घरांसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. आशार्कियाच्या, म्हणजे मालागाच्या पूर्वेकडच्या, टेकड्यांवर पांढरी, देखणी घरं आहेत आणि त्यातली बरीचशी परवानगीशिवाय बांधलेली आहेत. घराला ‘नियमाबाहेरचं, पण मान्य’ असा आफो दर्जा मिळालेला आहे का ते नगरपालिकेत, आयुंतामिएंतोमध्ये, जाऊन विचारा. मालकाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. आणि एस्तेपोनाच्या पुढे कादिस प्रांतात, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या पट्ट्यात, रानातली जमीन युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घ्यायची असेल तर लष्कराची परवानगी लागते. भारतीय पासपोर्टवाला त्यात आला, ब्रेक्झिटनंतर ब्रिटिशही आला. त्यात महिने जाऊ शकतात, तेव्हा करारात तेवढी मुदत धरा.

मग आर्रासचा, म्हणजे इसाऱ्याचा, करार. साधारण किमतीच्या दहा टक्के रक्कम. नागरी संहितेच्या १४५४ कलमाप्रमाणे खरेदीदार मागे हटला तर रक्कम गेली, विक्रेता हटला तर दुप्पट परत. म्हणून इथे पुन्हा सांगते: पैशाचा माग पूर्ण झाल्याशिवाय आर्रासवर सही होऊ देऊ नका. निम्मा झालाय, बाकीचं येतंय, असं चालणार नाही. खरेदीदाराची आयुष्यभराची बचत दुसऱ्या देशाच्या बँकेत अडकलेली असते आणि मुदत संपत आलेली असते, तेव्हा ‘तुम्ही का नाही सांगितलंत’ या प्रश्नाला उत्तर नसतं. मुदत ठरवताना बँकेच्या चौकशीला लागणारा वेळ धरा आणि पैसे न आल्यास मुदतवाढीचं कलम घाला. विक्रेता कुरकुर करेल, करू दे. एनआयई हा परदेशी माणसाचा ओळख क्रमांक याच काळात काढून घ्या.

करांबाबत ग्राहकाला आधीच सांगायच्या गोष्टी. जुन्या घरावर आंदालुसियात हस्तांतरण कर ७ टक्के, आणि २०२२ पासून तो सौद्याची किंमत किंवा कातास्त्रोचं संदर्भमूल्य यातल्या जास्त आकड्यावर. नव्या घरावर १० टक्के इवा, वर मुद्रांक. विक्रेता अनिवासी असेल तर खरेदीदाराने किमतीचे ३ टक्के कापून महिन्याच्या आत २११ क्रमांकाच्या फॉर्मने भरायचे. तीन लाखांच्या घरावर नऊ हजार युरो. आणि प्लुसवालिया हा नगरपालिकेचा कर विक्रेत्याचा असला, तरी विक्रेता अनिवासी असेल तर नगरपालिका तो खरेदीदाराकडून वसूल करते. ही रक्कम नोटरीच्या टेबलावरच राखून घ्या, विक्रेता विमानात बसला की संपलं.

घर घेतलं की राहण्याचा परवाना मिळतो, असं अजून कुणी सांगत असेल तर लगेच थांबवा. पाच लाख युरोंचा गोल्डन व्हिसा ३ एप्रिल २०२५ पासून बंद आहे. आपल्याकडचे निम्मे फोन याच आशेने येतात. विक्री हातची गेली तरी चालेल, पण हे पहिल्या दिवशी सांगा. पर्यटकांना भाड्याने देण्याचंही तसंच: त्याच तारखेपासून नव्याने सुरू करायला सोसायटीच्या तीन पंचमांश मतांची आधी संमती लागते.

लांब मुदतीचं भाडं: मे २०२३ च्या गृहनिर्माण कायद्यापासून एजन्सीचं कमिशन घरमालकाने द्यायचं, भाडेकरूने नाही. अनामत एक महिन्याची, ती प्रदेशाच्या संस्थेकडे जमा करायची. करार भाडेकरूला हवा तर पाच वर्षं, मालक कंपनी असेल तर सात.

सहीच्या दिवशी पासपोर्ट, एनआयई, बँकेचे चेक, ताजी नोता सिम्प्ले, थकबाकीचा दाखला, ऊर्जा प्रमाणपत्र, चाव्या. स्पॅनिश येत नसेल तर दुभाषा. नंतर वीज-पाण्याची नावं बदला, कर भरल्याच्या पावत्या घ्या, नोंदणी झाली का ते बघा. आणि पैशाच्या मागाची फाईल कपाटात, वर तारीख घालून. दहा वर्षं.