हंगामातली फळं-भाज्या कशा ओळखाव्यात, कशा खाव्यात?

टोमॅटो बारा महिने दिसतो, पण बारा महिने चवीचा नसतो. लांबच्या प्रवासाला निघणारं फळ कच्चं असतानाच तोडावं लागतं, नाहीतर वाटेत दबतं, सडतं. भर हंगामात जवळून आलेला माल मात्र झाडावर पुरता भरलेला असतो. तो फरक जिभेला लगेच कळतो.

१. आपल्या भागाचा तक्ता करा
उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. डोंगरावरचं आणि सखल भागातलं पीकही मागेपुढे येतं. त्यामुळे दुसरीकडचा तक्ता आपल्याला लागू पडेलच असं नाही. विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: हा माल कुठून आला आणि अजून किती दिवस येईल? उत्तरं टिपत गेलात की वर्षभरात तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो.

२. नवलाईला भुलू नका
हंगामाच्या सुरुवातीला भाव चढा असतो आणि पुष्कळदा माल घाईने तोडलेला असतो. शेवटी शेवटी भेंडी निबर होते, मुळा आतून पोकळ पडतो. खरी मजा मधल्या काळात. एखादी भाजी सगळ्यांकडे ढिगाने दिसू लागली आणि भाव उतरू लागला, की हंगाम भरात आला असं समजा.

३. तोडल्यावर पिकणारं फळ कोणतं, ते लक्षात ठेवा
मला विचाराल तर ही सगळ्यात कामाची माहिती आहे. केळी, आंबा, पपई, पेअर, टोमॅटो ही फळं तोडल्यावरही पिकतात. फळ पिकवणारा इथिलीन नावाचा वायू ती स्वतःच सोडतात. म्हणून ती थोडी कच्ची घेतली तरी चालतात. द्राक्षं, संत्री, डाळिंब, अननस, स्ट्रॉबेरी यांची गोडी तोडल्यावर वाढत नाही. आंबट द्राक्षं आठवडाभर ठेवली तरी आंबटच राहणार, तेव्हा चाखून घ्या. मटार आणि मक्याची कणसं यांचं उलटच. तोडल्याक्षणापासून त्यांच्यातल्या साखरेचं पिष्ट (स्टार्च) होऊ लागतं, म्हणून ती शक्यतो त्याच दिवशी शिजवा. थंडीतलं गाजर जास्त गोड लागतं, कारण गारठ्यात ते पिष्टाची साखर करतं.

४. आधी बाजार, मग बेत
घरून पदार्थ ठरवून निघालं की हंगाम नसतानाही तीच भाजी शोधावी लागते. त्याऐवजी दोन-तीन ताज्या भाज्या घ्या आणि त्यांवरून आठवड्याचा बेत ठरवा. पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत संपवा, कोबी, भोपळा, कंद मागे ठेवा.

५. नीट साठवा
टोमॅटो पिकेपर्यंत फ्रिजबाहेर ठेवा, थंडीने त्याचा वास आणि चव मरते. केळ्याची सालही फ्रिजमध्ये काळी पडते. गाजर, मुळा, बीट यांचा पाला आणल्याबरोबर कापा; तो कंदातलं पाणी ओढून घेतो. सफरचंदं पालेभाज्यांपासून दूर ठेवा, त्यांच्या इथिलीनने पाला लवकर पिवळा पडतो. बटाटे अंधारात ठेवा, उजेडात ते हिरवे होतात आणि तो हिरवा भाग खाऊ नये.

६. भरातला माल पुढच्यासाठी राखा
मटार स्वस्त असताना जास्त घ्या आणि सोला. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. यामुळे रंग आणि चव बिघडवणारी विकरं (एन्झाइम) थांबतात. दाणे पूर्ण निथळून, कोरडे करून ताटात पसरून गोठवा, मगच पिशवीत भरा, म्हणजे त्यांचा गोळा होत नाही. फ्रीझर उणे १८ अंश सेल्सिअसवर असेल तर ते बरेच महिने टिकतात. वापरताना वितळू देऊ नका, गोठलेलेच थेट भांड्यात घाला.