घरी फोटो छापावेत की लॅबमध्ये? शाईचा हिशेब असा मांडावा

फोटो प्रिंटर घेताना बहुतेक जण यंत्राची किंमत पाहतात, पण खरा पैसा नंतर शाईत जातो. म्हणून घरी छापायचे की लॅबमध्ये जायचे, हे ठरवण्याआधी एका फोटोमागे किती रुपये पडतात ते काढावे.

कार्ट्रिजच्या खोक्यावरील पानांच्या आकड्यावर हा हिशेब बांधू नये. तो आकडा बहुधा आयएसओ/आयईसी २४७११ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मोजलेला असतो आणि त्यातील नमुना पानांचा बराचसा भाग कोराच राहतो. फोटोत मात्र या कडेपासून त्या कडेपर्यंत शाई बसते, त्यामुळे ४ बाय ६ इंचाचा फोटो ए-४ पानाच्या साधारण चौथाई असला, तरी एका पानाच्या शाईत चार फोटो निघतील असे धरता येत नाही. फोटोंसाठी आयएसओ/आयईसी २९१०२ हे वेगळे मानक आहे. आपल्या प्रिंटरचा तो आकडा उत्पादकाने दिला असेल, तर तोच घ्यावा.

तसा आकडा मिळाला नाही, तर स्वतः मोजावे. टाकीच्या प्रिंटरमध्ये, म्हणजे ज्यात शाई बाटलीतून टाकीत भरतात त्यात, प्रत्येक रंगाच्या पातळीशी बारीक चिकटपट्टी लावावी, वीस-पंचवीस फोटो छापावेत आणि पातळी किती उतरली ते पाहावे. कार्ट्रिज असेल तर नवा संच घातल्यापासून फोटो मोजत जावे. तीन रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असतील, तर एक रंग संपताच उरलेले दोन वाया जातात. गंगापूर धरणाच्या काठचे, पाण्या-आकाशाने भरलेले फोटो सलग छापले, तर बहुधा निळा आधी संपेल. समजा, १,८०० रुपयांच्या संचात ६० फोटो निघाले आणि कागद ६ रुपयांना एक पडला, तर एका फोटोचे ३६ रुपये झाले.

या हिशेबात एक मोठी गळती बहुतेकांकडून सुटते. प्रिंटर बरेच दिवस पडून राहिला की नोझलमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांत, शाई सुकते, आणि नाशिकच्या एप्रिल-मेमधल्या कोरड्या हवेत हे लवकर होते. मग ही छिद्रे असलेले हेड साफ करावे लागते आणि त्यासाठी ओढलेली शाई कागदावर न येता आतल्या शोषक गादीत जाते. वरच्याच उदाहरणात चौथाई शाई अशी गेली, तर फोटो ४५ निघतील आणि प्रत्येकी ४६ रुपये पडतील. जितके कमी छापाल तितका दर चढतो तो यामुळेच. त्यावर उपाय असा: आठवड्यातून एकदा सर्व रंग असलेले छोटे चित्र छापावे आणि प्रिंटर भिंतीवरच्या स्विचऐवजी त्याच्याच बटणाने बंद करावा, म्हणजे हेड झाकणाखाली जाऊन बसते. फोटोआधी नोझल तपासणीचे पान काढावे आणि त्यावरील रेषा तुटक दिसल्या तरच सफाई करावी.

आता लॅबचा दर विचारावा. सिडकोतून किंवा नाशिकरोडहून केवळ दोन फोटोंसाठी कॉलेज रोडला जाणार असाल, तर पेट्रोल आणि वेळ त्यात मिळवावा. त्या बाजूला जाणे होणारच असेल, तर मिळवू नये. लग्नाचे किंवा सहलीचे फोटो साठवून एकदम द्यावेत. अशा कामात घरचा प्रिंटर क्वचितच परवडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. देण्यापूर्वी फोटो ३:२ प्रमाणात स्वतः कापून घ्यावेत, कारण मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ असतो आणि यंत्राने कापताना कडेच्या माणसाचे डोके जाऊ शकते.

घरच्या प्रिंटरचे मोल कळते ते रात्री दहा वाजता, सकाळच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो लागतो तेव्हा. ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचे आठ फोटो ४ बाय ६ च्या एका कागदावर बसतात. ४६ रुपयांचा कागद धरला, तरी एक फोटो सहा रुपयांच्या आत पडतो. एवढ्याच कामासाठी, तेही अधूनमधून, प्रिंटर हवा असेल तर शाईऐवजी रंगाच्या रिबनवर चालणारा डाय-सब्लिमेशन प्रिंटर पाहावा. त्यात सुकायला शाईच नसते आणि फोटो गडद असो वा फिका, रिबन तेवढीच लागते. दर आठवड्याला छापणाऱ्यांनी मात्र टाकीचाच प्रिंटर घ्यावा.