उडी मारून खाली येताना गुडघ्यांवरचा मार कसा कमी करायचा

उंच उडी कशी मारायची हे सगळे विचारतात, पण खाली कसं यायचं ते फारसं कुणी विचारत नाही, आणि गुडघा किंवा घोटा दुखावतो तो बऱ्याचदा उतरतानाच. म्हणून आधी उतरणं शिकूया. गुडघ्याला जुनी दुखापत असेल तर मात्र फिजिओला विचारूनच हे करा.

पहिल्यांदा एक वजनकाटा घ्या, सुईवाला, कारण डिजिटल काटा बऱ्याचदा एकच आकडा धरून बसतो. त्यावर उभे राहा आणि उडी न मारता पटकन गुडघे वाकवून खाली बसा. सुई आधी झपकन खाली येईल आणि तुम्ही थांबायला लागलात की तुमच्या वजनाच्याही वर जाईल. वजन तर तेवढंच आहे ना? बदलला तो तुम्ही काट्याला दिलेला दाब, आणि जमीन असो की काटा, जेवढं तुम्ही दाबाल तेवढंच ते तुम्हाला उलटं ढकलतं. उडीही त्यातूनच मिळते आणि उतरताना बसणारा झटकाही त्यातूनच. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण जोर म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं.

मग आपली उडी मोजा. मोबाईल जमिनीलगत ठेवून स्लो मोशनमध्ये, सेकंदाला 240 फ्रेमवर शूट करा, पाय सुटल्यापासून परत टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि 240 ने भागा, की हवेतला वेळ मिळाला. त्याचा वर्ग करून 1.22 ने गुणा, उंची मीटरमध्ये येते. 120 फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, म्हणजे साधारण 30 सेंमी. हवेत गुडघे पोटाशी घेऊ नका, नाहीतर वेळ उगाच वाढतो आणि उंची खोटी येते.

आता खरी गंमत. 30 सेंमीवरून येताना टेकायच्या क्षणी वेग सेकंदाला साधारण 2.4 मीटर असतो, माणूस जाड असो की बारीक. हा वेग शून्यावर आणायचाच आहे, फक्त किती अंतरात ते तुमच्या हातात आहे. पाय ताठ ठेवले आणि टेकल्यावर शरीर जेमतेम 5 सेंमी खाली गेलं तर जमिनीचा सरासरी जोर वजनाच्या 7 पट होतो, 60 किलोच्या माणसाला 420 किलोंचा भार! तेच नीट वाकत 30 सेंमी खाली गेलात तर फक्त 2 पट. आणि ही सरासरी आहे, क्षणभराचा झटका त्याहून मोठाच असतो. क्रिकेटमध्ये जोरात आलेला कॅच घेताना आपण हात बॉलबरोबर मागे नेतो ना, अगदी तेच.

शेवटी सराव. 15-20 सेंमीच्या पायरीवरून सुरुवात करा. आधी चवडा टेकू द्या, मग टाच, आणि घोटा, गुडघा, कंबर लागोपाठ वाकू द्या, मागे खुर्ची आहे असं समजून कुल्ले मागे न्या. गुडघे पायाच्या बोटांच्याच दिशेला राहिले पाहिजेत, आत एकमेकांकडे वळत असतील तर ते आधी सुधारा, हे समोरून काढलेल्या व्हिडिओत लगेच कळतं. आणि कान द्या, धप्प असा आवाज आला तर पाय अजून ताठच आहेत. थोड्या उड्यांनंतर आवाज पुन्हा वाढायला लागला तर मांड्या थकल्या समजा आणि त्या दिवशी तिथेच थांबा.