वाचा-भाषा उपचारात एम.एस्सी. करू इच्छिणाऱ्यांसाठी

वाचा-भाषा विकार या विषयात एम.एस्सी. करण्यासाठी आधी बीएएसएलपी (श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा विकार या विषयांतली पदवी) हवी. बारावी विज्ञाननंतरचा हा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. केवळ मानसशास्त्राच्या किंवा भाषाशास्त्राच्या पदवीवर हा प्रवेश मिळत नाही, म्हणून त्या वाटेने येऊ पाहणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

पदवीनंतर श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा विकार अशा दोन वेगळ्या एम.एस्सी. आहेत आणि दोन्ही दोन वर्षांच्या आहेत. निवड इंटर्नशिपच्या अनुभवावरून करावी. श्रवणचाचण्या व श्रवणयंत्रे यांत मन रमते, की एकाच मुलाबरोबर आणि त्याच्या पालकांबरोबर महिनोन्महिने काम करण्यात, हे त्या वर्षात पुरेसे कळते.

म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, मुंबईतील नायर रुग्णालयाचे टोपीवाला महाविद्यालय आणि पुण्याचे भारती विद्यापीठ ही या शिक्षणातली परिचित नावे आहेत. संस्था कोणतीही असो, तिच्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची चालू मान्यता असल्याची खात्री करून घ्यावी, कारण 1992 च्या कायद्यानुसार या परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही.

माझ्या मते मात्र संस्थेच्या नावाइतकेच तिथे कोणते रुग्ण येतात हे महत्त्वाचे आहे. पक्षाघातानंतर वाचा गेलेले, गिळताना ठसका लागणारे, स्वरयंत्र काढलेले, दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेले असे सर्व प्रकारचे रुग्ण पाहायला मिळतात का आणि त्यांच्यावरील उपचार विद्यार्थ्याच्या हाती कितपत सोपवले जातात, हे तिथल्या आजी विद्यार्थ्यांना अवश्य विचारावे. फक्त उशिरा बोलणाऱ्या मुलांवर दोन वर्षे काम केलेल्या विद्यार्थ्याला पुढे अतिदक्षता विभागातून बोलावणे आले, तर तिथे उभे राहणे कठीण जाते.

महाराष्ट्रात काम करायचे असेल, तर मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचा आणि बोलींचा अभ्यास जाणीवपूर्वक करावा. 'चार' आणि 'चाक' यांतला च वेगळा आहे. इंग्रजीवर बेतलेल्या चाचणीत हा भेद सापडणार नाही. वऱ्हाडातले मूल डोळ्याला 'डोया' म्हणत असेल, तर तो उच्चारदोष ठरत नाही, ती त्याच्या घरची बोली आहे. अशा मुलाला विनाकारण उपचारांना बसवणे हा त्याच्यावर अन्यायच आहे, म्हणून घरात कसे बोलतात हे पालकांकडून ऐकून घेतल्याखेरीज निदान लिहू नये.

प्रबंधाचा विषयही याच अंगाने निवडता येतो. मराठी भाषकांसाठी प्रमाणित चाचण्यांची आजही मोठी गरज आहे. नैतिकता समितीची परवानगी आणि नमुने गोळा करणे यांत बराच काळ जातो, त्यामुळे विषय पहिल्याच वर्षी मार्गदर्शकांशी बोलून पक्का करावा.