गुडघे दुखतायत आणि वजनही उतरवायचंय? मग आधी खुर्ची ओढा

आधी माझा गाढवपणा सांगते. वय ६४, वजन ८१, दोन्ही गुडघ्यांत झीज, आणि मुलाने वाढदिवसाला पावलं मोजणारं घड्याळ दिलं. झालं, दहा हजार पूर्ण करायचेच म्हणून रात्री साडेदहाला हॉल ते किचन, किचन ते हॉल फेऱ्या. चौथ्या दिवशी डावा गुडघा असा सुजला की वाटी दिसेना. नंतर कळलं की हा आकडा डॉक्टरांनी काढलेलाच नाही, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नाव मान्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर, तिथून तो पसरला. जाहिरातीपायी गुडघा सुजवून घेतला मी!

तर सुरुवात चालण्यापासून करू नका. आधी मांडीचा पुढचा स्नायू, कारण गुडघ्याला तोच धरून ठेवतो. सकाळी पलंगावरच करायचं, पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी, पाऊल आपल्याकडे ओढायचं आणि गुडघ्याने टॉवेल गादीत दाबायचा, पाचपर्यंत मोजून सोडायचं. एकेका पायाला दहा वेळा. मांडीवर हात ठेवून बघा, स्नायू टणक लागला पाहिजे, नाही लागला तर नुसतं पाऊलच हलतंय. आकडे मोठ्याने मोजा म्हणजे श्वास कोंडला जात नाही, बीपीवाल्यांनी तर हे नक्की पाळा.

मग खुर्ची. प्लास्टिकची नको, सरकते. जेवणाच्या टेबलाची लाकडी घ्या आणि भिंतीला टेकवा. कडेशी सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, आता एवढं पुढे वाका की नाक पायाच्या बोटांवर येईल, आणि उठा. आपण ताठ बसून उठायला बघतो आणि मग "आई गं" होतं. बसताना धपकन बसायचं नाही, तीन आकडे मोजत हळू टेकायचं, खरी मेहनत त्यातच आहे. उठवत नसेल तर खाली गोधडीची घडी टाकून खुर्ची उंच करा, हातांचा आधार घेतला तरी चालेल. पाच वेळा, थोडं थांबून परत पाच.

आठ-दहा दिवस हे जमलं की दम लागणारा व्यायाम. पोहण्याचा तलाव मिळाला तर सोनं, कमरेइतक्या पाण्यात अंगाचं वजन साधारण निम्मंच जाणवतं, छातीपर्यंत गेलात तर तिसरा हिस्सा. पोहता यायला नको, कठड्याला धरून नुसतं चालायचं. कॉस्च्युमची लाज वाटत असेल तर पूर्ण अंगाचे मिळतात हो, मीही तोच घालते. पाण्यापेक्षा काठावर घसरायची भीती जास्त, तेवढं सांभाळा.

तलाव नसेल तर घरातली ती सायकल, जिच्यावर टॉवेल वाळत असतात ती. सीट वर घ्या! पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे, सीट खाली असली की गुडघा जास्त दुमडतो आणि दुखतो. लोड अगदी कमी, पाच मिनिटं, मग दर दोन-तीन दिवसांनी एखादं मिनिट वाढवा. बोलता येतंय पण गाणं म्हणवत नाही, एवढाच दम हवा.

चालणं यानंतर. सपाट रस्ता, चप्पल नाही बूट, दहा मिनिटं सकाळी आणि दहा संध्याकाळी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा, बहुतेक जण उलटंच धरतात. जिन्यात चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि जेवणानंतर वज्रासनात बसा म्हणून मेसेज फिरत असतो ना, तो सध्या डिलीट करा, उकिडवं बसणं आणि सूर्यनमस्कारही दुखणं उतरेपर्यंत नकोत.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? व्यायामानंतर दोन तासांनीही आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी कमी करा, बंद नाही. दम लागणारा व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं करा म्हणतात, तिथे पोचायला मला पाच महिने लागले. गुडघा लाल, गरम झाला, पोटरी एकाच पायाची सुजली, छातीत दुखलं तर व्यायाम सोडून डॉक्टर. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी जाऊ नका, खिशात साखरेची पुडी ठेवा.

आता वजन. नुसत्या व्यायामाने फारसं उतरत नाही, ताटही बदलावं लागतं. पण एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो, हे वाचल्यावर मी चारच्या चहाबरोबरची बिस्किटं सोडली आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी वाटीभरावर आणली. उपाशी मात्र राहू नका, या वयात चरबीबरोबर स्नायूही जातात, दोन्ही जेवणांत डाळ, दही, अंडं असं काहीतरी हवंच (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून). आठवड्याला अर्धा किलोच्या वर घाई नको.

माझे आठ महिन्यांत सहा किलो गेले. मांडी घालून बसणं अजून नाहीच, गणपतीत आरतीनंतर सगळे खाली आणि मी खुर्चीवर, पण यंदा त्या खुर्चीतून हात न टेकता उठले.